विडंबन आणि विटंबना

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एका धर्तीचा प्रश्न वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला आहे : ‘उपहास, उपरोध व विडंबन यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.’ विद्यार्थी त्याचे उत्तर गाईडातून पाठ करून येतो, परीक्षक त्यास पाचांपैकी तीन गुण देतो, आणि परीक्षागृहाबाहेर पाऊल पडताच उभयतांच्या लेखी त्या भेदाचे प्रयोजन संपते. परंतु त्याच दिवशी सायंकाळी त्या विद्यार्थ्याच्या मोबाईलवर कोणाची तरी टर उडविणारे एखादे चित्र येऊन पडते. ते उपहासाचे आहे, विडंबनाचे आहे की निव्वळ कुचेष्टेचे, हा प्रश्न त्यास पडत नाही. तो हसतो आणि ते चित्र पुढे दहा जणांस धाडून देतो. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी भावना दुखावतात, पोलीस ठाण्यात अर्ज जातो, आणि मग दोनच वाक्ये ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ‘अहो, गंमत केली, त्यात काय एवढे?’ दुसरा म्हणतो, ‘हा आमचा अपमान आहे.’ या दोन वाक्यांच्या मध्ये जी विस्तीर्ण जमीन पडली आहे, ती मोजण्याची साखळी मराठीपाशी पूर्वापार आहे. आपण मात्र ती माळ्यावर टाकून दिली आहे.

हा केवळ साहित्यशास्त्राचा प्रश्न असता तर तो प्राध्यापकांच्या चर्चासत्रावर सोपवून स्वस्थ बसता आले असते. तसे ते नाही. समाजात कोणी कोणास हसावे, किती हसावे आणि हसलेले कोणी किती सोसावे, याचे निर्णय रोज होत असतात : वर्गात, कचेरीत, ग्रामपंचायतीच्या बैठकीत आणि न्यायालयातही. ते निर्णय करण्यासाठी शब्द लागतात. ‘टीका’, ‘विनोद’ आणि अलीकडे आलेला ‘ट्रोल’ एवढ्या तीन शब्दांवर ज्याचा कारभार चालतो, त्यास मित्राने काढलेला चिमटा आणि शत्रूने मारलेली चपराक यांतील अंतर सांगता येत नाही. आणि ज्यास ते सांगता येत नाही, तो एक तर प्रत्येक चिमट्याने रक्तबंबाळ झाल्याचा आव आणतो, नाही तर प्रत्येक चपराक ‘गंमत’ या सदराखाली जमा करून मोकळा होतो.

शब्दांचे माप

आपल्याकडे हास्याची प्रतवारी फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांचे, मधले दोन मध्यम प्रकृतीच्या आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या. भरताने येथे मोजला आहे तो हसणारा माणूस. त्याचे ओठ किती विलगले, दात दिसले की नाही, डोळ्यांत पाणी आले की नाही, यावरून त्याची पायरी ठरते. ज्यास हसले जाते त्यास काय वाटते, हा प्रश्न त्या वर्गवारीत नाही. नाट्यगृहातील हास्याच्या अभ्यासास तो लागतही नसेल. पण समाजातील हास्याच्या अभ्यासास तो पहिला लागतो.

ही उणीव लोकांच्या बोलण्याने भरून काढली. मराठी माणसाने घरात आणि चावडीवर जे शब्द घडविले, ते हसणाऱ्याच्या तोंडाकडे न पाहता हसलेल्याच्या अंगाकडे पाहतात. कोपरखळी बरगडीत बसते. ती देणारा शेजारीच बसलेला असावा लागतो, म्हणजे ती आपल्या माणसाने द्यावयाची गोष्ट आहे. चिमटा कातडीस लागतो, आत जात नाही. टोमणा मनात रुतून बसतो आणि रात्री आठवतो. शालजोडीतला देणारा सभ्यतेची शाल पांघरूनच जोडा हाणतो. आवाज होत नाही, पण ज्याला लागायचा त्याला लागतो. चपराक चारचौघांत बसते. हे शब्द म्हणजे इजेची एक चढती मोजपट्टीच आहे. तिच्याखेरीज नीतीची दुसरी पट्टी आहे : थट्टा, मस्करी, फिरकी हे शब्द खेळीमेळीचे, टवाळी, हेटाळणी, कुचेष्टा हे शब्द उच्चारतानाच बोलणाऱ्याचा निषेध त्यांत मिसळलेला असतो. ‘त्याने माझी थट्टा केली’ आणि ‘त्याने माझी हेटाळणी केली’ या दोन वाक्यांत प्रसंग एकच असू शकेल, पण दुसऱ्या वाक्यात निवाडा दिलेला आहे.

संस्कृतातून आलेल्या शब्दांनीही मराठीत नवा जन्म घेतला आहे. ‘उपरोध’ म्हणजे मुळात अडथळा, वेढा. मराठीने तो शब्द बोलण्याच्या एका रीतीस लावला, आणि तो नेमका लावला असेच म्हटले पाहिजे. कारण उपरोधाने बोलणारा समोरच्यास वरकरणी वाट मोकळी ठेवतो, परंतु तो जिकडे वळेल तिकडे भिंत आढळते. ‘चेष्टा’ म्हणजे मुळात हालचाल, खटपट. मराठीत ती थट्टा झाली आणि तिच्यामागे ‘कु’ लागताच तिचे विष झाले. ‘मस्करी’ आणि ‘मजाक’ अरबी वंशाचे. त्यांपैकी दुसऱ्यास वऱ्हाडी जिभेने ‘मज्याक’ करून घरातला केला. ‘व्याजस्तुती’तील ‘व्याज’ म्हणजे निमित्त, बतावणी. वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा याच्या उलट. ‘तुमी तं लय मोठे मानूस बाप्पा!’ असे एखादी म्हातारी वऱ्हाडात गावच्या पुढाऱ्यास हात जोडून म्हणते, तेव्हा ती अलंकारशास्त्र न शिकता व्याजस्तुती करीत असते आणि पुढाऱ्यासही ते बरोबर कळते. परंतु ‘व्याज’ या शब्दाचा ज्याच्या घराशी संबंध केवळ सावकाराच्या वहीतून आला, अशा एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने ‘व्याजस्तुती म्हणजे व्याजाची स्तुती’ असे उत्तरपत्रिकेत लिहिले, तर त्यात नवल नाही. त्या उत्तराकडे आपण शेवटी पुन्हा वळू.

या सर्व शब्दांत अत्यंत बोधप्रद जोडी आहे ती ‘विडंबन’ आणि ‘विटंबना’ यांची. दोन्ही शब्द मुळात एकाच घराण्यातले. नक्कल करणे, हसे करणे हा त्या घराण्याचा अर्थ. मराठीत त्यांची वाटणी झाली. विडंबन हा साहित्यातील एक मान्य व्यवहार झाला. प्र. के. अत्रे यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ लिहून रविकिरण मंडळाच्या व इतरांच्या कवितेतील लकबींची जी नक्कल केली, ती विडंबन; आणि ती नक्कल करण्यासाठी मूळ कविता त्यांस बारकाईने वाचावी लागली होती. विटंबना मात्र माणसाच्या अब्रूची होते, प्रेताची होते, पुतळ्याची होते. विडंबनास मूळ वस्तूचे ज्ञान लागते, विटंबनेस फक्त हात लागतो. एकाच मुळातून निघालेल्या दोन शब्दांत भाषेने इतके अंतर निर्माण करून ठेवले असता, ते अंतर आपण पुन्हा पुसून टाकावे हे करंटेपणाचे होय.

व्यंग कोणाचे?

दुसरा घोटाळा एका अक्षराचा आहे. संस्कृत काव्यशास्त्रात ‘व्यंग्य’ म्हणजे सूचित होणारा अर्थ. शब्दाने न सांगता शब्दामागून उजळणारा. हिंदीने हाच शब्द उपहासात्मक लेखनास लावला आणि हरिशंकर परसाई यांच्यासारख्या लेखकाने त्या लेखनास प्रतिष्ठा मिळवून दिली. वऱ्हाड १९५६ पर्यंत हिंदी मुलुखाबरोबर एका प्रांतात नांदलेला असल्याने तो शब्द आपल्या कानास परका नाही. मराठीत मात्र ‘व्यंग’ म्हणजे शरीरातील वैगुण्य. ‘व्यंगचित्र’ हा शब्द आपण लिहितो तो ‘य’ गाळून. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात व्यंगचित्राचा अर्थ, मर्म उघड करणारे चित्र असा न राहता, कोणाचे तरी वैगुण्य दाखविणारे चित्र असा झाला असेल, तर दोष केवळ वाचकाचा नव्हे. नाक लांब करणे, पोट मोठे करणे, तोतरे बोलणे, लंगडत चालणे, बायकोच्या नावाने खडे फोडणे, याच भांडवलावर आपले पुष्कळसे विनोदी रंगकर्म चालत आले आहे. त्यात व्यंग आहे, व्यंग्य नाही.

या घोटाळ्याचे सार्वजनिक रूप मे २०१२ मध्ये दिसले. शंकर यांनी १९४९ साली काढलेले एक व्यंगचित्र राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात होते. राज्यघटना गोगलगाईच्या रूपात, तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि मागे पंडित नेहरू, उभयतांच्या हाती चाबूक, असे ते चित्र. संसदेत त्यावर गदारोळ झाला, पुस्तकाच्या दोन्ही मुख्य सल्लागारांनी राजीनामे दिले आणि त्यांपैकी एक असलेले प्रा. सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन होऊ शकत नाही. तथापि ‘हे साधे चित्र आहे, एवढे मनास लावून घेण्याचे कारण नाही’ हा उपदेशही पुरेसा नव्हता. ज्या समाजास शतकानुशतके हशाचा विषय केले गेले, त्याच्या डोळ्यांस चाबूक प्रथम दिसतो आणि घटनेच्या मंद गतीवरील टीका मागाहून दिसते, हे समजण्यास फार मोठी सहानुभूती लागत नाही. त्या वेळी आवश्यक होती ती शांत चर्चा : या चित्राचा विषय कोणता, बाण कोणाकडे आहे, १९४९ च्या वाचकास ते काय सांगत होते आणि आजच्या मुलास काय सांगते. अशी चर्चा झाली असती तर चित्र ठेवण्याचा किंवा काढण्याचा निर्णय काहीही होवो, तो शहाणपणाने झाला असता. चर्चेसाठी शब्द नव्हते, म्हणून हात चालले.

वऱ्हाडच्या दोन शाळा

हे शब्द कसे वापरावेत याचे धडे घेण्यास वऱ्हाडच्या माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. अर्वाचीन मराठी विनोदाचा पाया ज्यांनी घातला ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर नागपुरास १८७१ साली जन्मले, अकोल्यास शिकले आणि त्यांनी वकिली केली ती अकोल्यात व पुढे बुलढाणा जिल्ह्यात. वकिलास सुचावा असाच त्यांच्या आरंभीच्या विनोदी लेखाचा विषय होता : ‘साक्षीदार’. ‘सुदाम्याचे पोहे’ १९१० साली ग्रंथरूपाने आले आणि पुढे बत्तीस लेखांची ‘साहित्यबत्तिशी’ झाली. राम गणेश गडकरी त्यांस गुरू मानीत.

कोल्हटकरांच्या पद्धतीचा विशेष असा की त्यांचा सुदामा सुधारक नाही. तो, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघेही रूढींचे भाविक अनुयायी आहेत. शिमगा असो, गणेशचतुर्थी असो, ते प्रत्येक आचार श्रद्धेने पाळतात, त्याचे समर्थन करतात आणि त्या समर्थनातूनच त्या आचाराचा पोकळपणा उघडा पडतो. लेखक वाचकास ‘तू मूर्ख आहेस’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मी मूर्ख आहे, पाहा माझी मूर्खपणाची कारणे किती सबळ आहेत!’ वाचक हसतो आणि हसता हसता त्या कारणांत आपली कारणे ओळखतो. हा खरा उपरोध : वेढा पडतो, पण पडल्याचे वेढ्यात सापडेपर्यंत कळत नाही. यात काही ठिकाणी कोट्यांचा सोस दिसतो आणि आजच्या विद्यार्थ्यास ती भाषा जड वाटते, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपली कुऱ्हाड प्रथम आपल्या पायावर मारून घेण्याचे जे धैर्य त्या लेखनात आहे, ते आजच्या कितीशा हास्यकारांत आढळते?

कोल्हटकरांहून पाच वर्षांनी लहान असलेला एक माणूस त्याच वऱ्हाडात दुसरी शाळा चालवीत होता. तिला इमारत नव्हती. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, गावात शिरत ते खराटा घेऊन. दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडीत. त्या कीर्तनाचा ढंग प्रश्नोत्तरांचा होता. देव कोठे असतो, नवसाला बकरे कोण मागतो, ते कापल्यावर खातो कोण, लग्नासाठी कर्ज काढून पंगती उठविल्या तर फेडणार कोण, अशा आशयाचे साधे प्रश्न ते अडाण्याचा आव आणून वऱ्हाडीत विचारीत. उत्तर श्रोत्यांनीच द्यावयाचे. श्रोते उत्तर देत, हसत आणि हसता हसता गप्प होत. कारण आपणच दिलेल्या उत्तराने आपणच पकडले गेलो, हे त्यांच्या ध्यानी येई.

या दोन शाळांची तुलना फारशी कोणी केलेली दिसत नाही, आणि त्याचे कारणही आपल्या शब्दांच्या वापरात आहे. कोल्हटकरांस आपण ‘विनोदी वाङ्मया’च्या प्रकरणात घातले आणि गाडगेबाबांस ‘संत’ या प्रकरणात. वस्तुतः दोघांचे साधन एकच होते : बतावणी. एकाने श्रद्धेची बतावणी केली, दुसऱ्याने अज्ञानाची. एकाने वाचकास हसविले ते नागर, संस्कृतप्रचुर भाषेत. दुसऱ्याने ज्यास अक्षरओळख नव्हती त्या श्रोत्यास हसविले ते त्याच्या घरच्या बोलीत. आणि दोघांच्याही हास्यास एक पथ्य होते. रूढीस हसावे, रूढीखाली चिरडलेल्यास हसू नये. नवस करणाऱ्या बाईच्या दुःखास गाडगेबाबा हसले नाहीत. तिच्या दुःखावर जो बकरे खातो त्यास हसले. शिवाय हसण्याचा पहिला विषय त्यांनी स्वतःच पुरविला होता : अंगावर चिंध्या आणि हातात फुटके गाडगे. ज्याने आपला दिमाख आधीच टाकून दिला आहे, त्याने दुसऱ्याच्या दिमाखास हसावे, हा त्याचा अधिकार कोण नाकारणार?

पोळ्याची झडती

यापुढची शाळा तर कोणा एका गुरूचीही नाही. पोळ्याच्या दिवशी वऱ्हाडातील गावोगावी सजविलेले बैल तोरणाखाली उभे राहतात आणि तोरण तुटण्यापूर्वी झडत्या म्हटल्या जातात. एकाने चरण टाकावेत, दुसऱ्या बाजूने त्यास उत्तर द्यावे आणि शेवटी महादेवाचा गजर व्हावा, असा हा प्रकार. या झडत्यांतून बैलाची थोरवी येते, तशीच सावकाराची वहीही येते. पाटलाचा तोरा येतो, पुढाऱ्याचे आश्वासन येते, कापसाचा भाव येतो, कर्जमाफीची वाट पाहणे येते. एरवी ज्याच्यापुढे मान खाली घालून उभे राहावे लागते, त्याच्या तोंडावर, साऱ्या गावासमक्ष हे बोलले जाते, आणि त्या दिवशी त्याने ते हसून घ्यावयाचे असते. पोलीस माणसाची झडती घेतात. पोळ्याला शेतकरी सत्तेची झडती घेतो.

एका दिवसाची ही मोकळीक म्हणजे उरलेल्या दिवसांच्या मुकेपणाची किंमत होय, असा आक्षेप घेतला जातो. वाफ निघून गेली की भांडे फुटत नाही, असे त्यामागील तर्कशास्त्र. आक्षेपात तथ्य आहे. झडतीने कोणाचे कर्ज फिटले नाही आणि कापसाचा भाव वाढला नाही. परंतु कोणती गोष्ट हास्यास्पद आहे याविषयी गावाचे मत एक झाले, की त्या गोष्टीचा धाक कमी होतो. आणि धाक कमी होणे ही बदलाची पहिली पायरी असते. मुकुंदराव पाटलांनी ‘कुलकर्णी लीलामृत’ लिहिले ते पोथीच्या थाटात. ज्या पोथीपुढे लोक हात जोडीत, त्याच पोथीच्या रूपात कुलकर्ण्याच्या कारभाराचे वाभाडे निघताना त्यांनी ऐकले. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनीही हेच हत्यार वापरले. हे विडंबन करमणुकीचे नव्हते. त्यामागे हिशेब चुकता करण्याची निकड होती.

हसणारी बोली की हास्यास्पद बोली?

येथे वऱ्हाडी माणसाच्या मनातील एक जुने शल्य उघडे केले पाहिजे. ज्या बोलीत एवढी उपहासशक्ती आहे, तीच बोली मराठीत स्वतः उपहासाचा विषय झाली. ‘काऊन’, ‘कायले’, ‘मले-तुले’, ‘करून राह्यलो’ हे शब्द उच्चारले की पुण्या-मुंबईकडे हशा पिकतो. डोळ्याचा ‘डोया’ आणि काळ्याचा ‘काया’ झाला की बोलणारा गडी असणार किंवा विदूषक असणार, अशी नाटका-सिनेमांनी समजूत करून दिली. इतकी की लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रसिद्ध एकपात्री प्रयोगास कित्येक जण आमच्या प्रांताचा समजतात. त्यातील वऱ्हाड लग्नाचे आहे आणि बोली मराठवाड्याकडील आहे. ग्रामीण बोली म्हणजे विनोद, आणि विनोद म्हणजे बहुधा वऱ्हाडीच, एवढा सरळ हिशेब त्यामागे असावा.

हे नवे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुले यांच्या ग्रंथांचा समाचार घेताना त्यांच्या भाषेतील व्याकरणदोषांची यथेच्छ टवाळी केली. चिपळूणकरांच्या उपरोधशक्तीविषयी शंका नाही. मराठी गद्यास त्यांनी धार दिली. परंतु त्या ठिकाणी ती धार विचारावर न चालता विद्येपासून दूर ठेवल्या गेलेल्या समाजाच्या भाषेवर चालली. प्रश्न होता शोषणाचा आणि उत्तर दिले गेले शुद्धलेखनाचे. उपहास कोठे हेटाळणी होतो, हे पाहावयाचे असेल तर यापरते उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

वास्तविक मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानले गेलेले ‘लीळाचरित्र’ तेराव्या शतकात म्हाइंभटाने सिद्ध केले ते रिद्धपूर येथे, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात. उद्धव शेळके यांनी १९६० साली ‘धग’ कादंबरीत वऱ्हाडी संवाद लिहिले ते कोणास हसविण्यासाठी नव्हेत. कौतिकचे दुःख त्याच भाषेत खरे होते म्हणून. आणि ज्यांनी वऱ्हाडीत हसविले, त्या शंकर बडे यांचा ‘बॅरिस्टर गुलब्या’ किंवा डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांची ‘मिर्झा एक्स्प्रेस’ ऐकणाऱ्यास एक फरक जाणवल्याशिवाय राहत नाही. तेथे वऱ्हाडी बोलणारा हसण्याचा विषय नसतो, तो हसण्याचा कर्ता असतो. बोलीस हसणे आणि बोलीतून हसणे यांतील भेद तो हाच. बढाई मारणाऱ्यास ‘फोकनाड्या’ या एका शब्दात जमिनीवर आणणारी भाषा गावंढळ नव्हे. ती तल्लख आहे.

मग करावे काय?

कोणी म्हणेल की हास्याची अशी चिरफाड केल्याने हास्यच मरेल. हसण्यापूर्वी व्याख्या पाहावी लागली तर हसणार कोण? शंका रास्त आहे. पण व्याख्येची गरज हसणाऱ्यास नसून हसण्याचा निवाडा करणाऱ्यास आहे. शिक्षक, संपादक, परीक्षक, अधिकारी, गणेशोत्सवाच्या मंडळाचा कार्यकर्ता, समाजमाध्यमावरील गटाचा चालक, हे सर्व आज असे निवाडे करीत असतात. त्यांनी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. हसणारा कोण व हसला गेलेला कोण. दोघांत बळ कोणाच्या बाजूस आहे? हसे होते आहे ते कृत्याचे, की जन्माने आलेल्या जातीचे, रूपाचे, बोलीचे, व्यंगाचे? आणि हसणाऱ्याने स्वतःस त्या हास्यातून वगळले आहे काय? या प्रश्नांनी प्रत्येक वेळी निर्विवाद उत्तर मिळेल असे नाही. बळ कोणाकडे आहे हे नेहमी सरळ दिसत नाही. वर्गात मुलांवर सत्ता गाजविणारा शिक्षक अधिकाऱ्यासमोर दीन असतो, आणि अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने ‘नर्ममाले’त ज्या कारकुनांवर कोरडे ओढले, त्यांच्या आजच्या बांधवांस विचारले तर तेही ‘आम्हांसच सगळे हसतात’ असे म्हणतील. तथापि प्रश्न विचारले तरी जाऊ लागतील, हेही थोडके नाही.

शाळा-महाविद्यालयांतून ‘भेद स्पष्ट करा’ हा प्रश्न ठेवावयाचा असेल तर अवश्य ठेवावा. परंतु त्यासोबत एक सुदाम्याचा उतारा, गाडगेबाबांच्या कीर्तनाचा एक अंश आणि गावातील एक झडती द्यावी, आणि यांपैकी कोपरखळी कोणती, उपरोध कोणता, चपराक कोणती, हे मुलांस ठरवू द्यावे. पोळ्याच्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या पाच झडत्या उतरवून आणाव्यात. घरातील वृद्ध स्त्रियांकडून लग्नात विहिणीस चिडविण्याची गाणी आणि टोमण्यांचे शब्द टिपून आणावेत. डॉ. विठ्ठल वाघ यांच्यासारख्या कवीने वऱ्हाडी बोलीच्या आणि म्हणींच्या अभ्यासास वर्षे वेचली, ते काम एका माणसावर सोडून भागणार नाही. मराठीस ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले. अमरावतीच्या विद्यापीठास तर गाडगेबाबांचेच नाव आहे. या दोन विद्यापीठांनी मिळून वऱ्हाडातील उपहासाच्या शब्दांचा एक कोश सिद्ध करावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. ज्या दिवशी तो कोश होईल, त्या दिवशी वऱ्हाडी ही हसण्याजोगी बोली नसून हास्याचे शास्त्र जाणणारी बोली आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आता त्या उत्तराकडे वळू. ‘व्याजस्तुती म्हणजे व्याजाची स्तुती,’ असे मुलाने लिहिले. शिक्षक शून्य गुण देतात. तो त्यांचा अधिकार आहे. पण पुष्कळदा ते तेवढ्यावर थांबत नाहीत. उत्तरपत्रिका वर्गात मोठ्याने वाचून दाखविली जाते, सारा वर्ग खो खो हसतो, आणि तो मुलगा खाली पाहतो. त्या क्षणी वर्गात जे घडले ते काय होते? विनोद, उपहास, थट्टा, की हेटाळणी? मराठीच्या प्रश्नपत्रिकेतील तो जुना प्रश्न खरे म्हणजे त्याच क्षणी विचारला गेलेला असतो, आणि तो विद्यार्थ्यांसाठी नसतो. याच मुलास जवळ बोलावून, ‘तुझ्या घरी कोणी अशी व्याजाची स्तुती करील काय? आणि केलीच, तर ती खरी असेल की खोटी?’ असे विचारले, तर तो हसून ‘खोटी’ म्हणेल. आणि त्याच्या त्या उत्तरात व्याजस्तुतीची व्याख्या आपोआप पुरी होईल.